तुमचं ताट मी विसळलं

बेबीचे बाबा,

होय, परवा तुमचं ताट मी विसळलं आन् मंगच त्यात जेवली. काल तुमच्या मायनं विहिरीवर साऱ्या बायायले सांगितलं का सुनेले नवऱ्याच्या उष्ट्याची किळस येते. तुमी तिथंच ओट्यावर तंबाखू मळत सारं आयकून राह्यले होते.

लग्न झाल्यापासून तुमचं उष्टं ताट मी तसंच पुढं ओढून जेवत आली. पण परवा त्यात मासोळीचे चघळलेले काटे होते, आन् वरून तुमी त्यातच हात धुतले. दिवस गेल्यापासून मले वासानंच मळमळते, हे मायलेबी ठाऊक हाय आन् तुमालेबी. म्हणून गडूभर पाणी फिरवलं. त्यात कोणता धर्म बुडाला? पायजे तर हे मायले वाचून दाखवा. मी भेत नाई.

मी शेजारच्या मनकर्णेसंग जंगलात तेंदूपत्ता तोडाले चालली. बेबीले संग नेते. माय बारशाले गेली हाय. तुमी लाकडाच्या डेपोतून याल तवा भात गंजात हाय, शेवग्याच्या शेंगा टाकलेलं वरण चुलीपाशी हाय.

आज मी तुमच्या आधी जेवली. माझं ताट पाटापुढं तसंच ठेवलं हाय. शेंगांचा चोथा त्यातच टाकला, हातबी त्यातच धुतले. भूक लागली का त्याच ताटात वाढून घ्या.

विसळावंसं वाटलं तर खुशाल विसळा. मी विहिरीवर कोणाले सांगणार नाई.

वच्छला