लोण्याचा नवस

प्रिय शिवप्रिया,

वहिनी म्हणत जा, असं आई तुमच्या लग्नापासून सांगतेय. पण शाळेत जिच्या डब्यातली चटणी पळवून खाल्ली, तिला वहिनी म्हणताना माझी जीभ वळत नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. काल दोनदा मध्येच ठेवून दिलास. म्हणून कागद घेतला. बलभीम टेम्पो घेऊन नळदुर्गला निघालाय, तो रणधीरच्या ढाब्यावर हे पोचतं करील. शेवटपर्यंत वाच, आणि वाचून होईपर्यंत पाय पलंगाखाली सोडू नकोस.

हो, रणधीरनं मला सगळं सांगितलंय. त्याच्यावर चिडू नकोस, माझा भाऊ बिचारा फोनवर रडत होता. वार खाली सरकलीय, एकदा रक्त गेलंय, उठायचं नाही, गाडीत बसायचं तर नावच काढायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं असताना तू परस्पर शुक्रवारची जीप ठरवलीस? जिवतीचा शुक्रवार, सातवा महिना, बोललेला नवस, सगळं मला कळतं. आमच्या संग्रहालयातल्या बाळंतीणमायला लोणी लावायचं राहिलं तर ती कोपेल, असं तुला वाटतं तेही कळतं. पण बेंबळीच्या पुढचा आपला रस्ता तुला ठाऊक आहे. धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात त्या रस्त्यावर.

आता जरा मायबद्दल सांगते, कारण तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. मागच्या भाद्रपदात नदी संग्रहालयाच्या पायऱ्या चढून आत आली होती ना, तेव्हा आम्ही मणी, खापरं, शंखाच्या बांगड्या सगळं टेबलांवर चढवलं आणि वाचलो म्हणून सुस्कारा टाकला. खरं संकट पाणी ओसरल्यावर सुरू झालं. मूर्तीच्या भाजल्या मातीत मुरलेलं मीठ ओलीबरोबर वर येऊ लागलं. मायच्या अंगावर पांढरा थर धरला. एका सकाळी तिच्या उजव्या पायाचं बोट फळीवर गळून पडलेलं दिसलं. पांढरीच्या, त्या जुन्या वस्तीच्या टेकाडात दोन हजार वर्षं पडून राहिली तेव्हा हिला काही झालं नाही, आणि आमच्या काचेच्या कपाटात एका पावसात तिचा पाय झडायला लागला!

सोलापूरहून रुकसाना मॅडम आल्या. जुन्या वस्तूंवर उपचार करणं हेच त्यांचं काम. त्यांनी मायला भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या, बायकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या लोण्याच्या थरांनी ओल आत कोंडून ठेवलीय. लोणी बंद, हात लावणं बंद, कोरड्या पेटीत बंद करून मागच्या खोलीत ठेवायची. तेव्हापासून त्या खोलीत ओल मोजणारं एक यंत्र आहे. ओल वाढली की ते माझ्या मोबाईलवर बोंबलतं. या श्रावणात मी जेवणाच्या ताटावरून कितीदा उठून पळाले असेन, विचारू नकोस.

पण पेटी आणली त्या दिवशी सारजाबाई बायकांना घेऊन दारात आडवी बसली. तिच्या सासूला माय टेकाडावर सापडलेली, त्यामुळं तिचा आवाज चढणारच. “माय कुटं बी जानार न्हाय. आमच्या लेकीबाळींनी हात कशाला लावायचा, काचंला व्हय?” कुणीतरी व्हिडिओ काढून गावभर फिरवला, की मी मायला शहरात विकायला निघालेय. दुकानदार मला दूध देईना. ज्या गावात मी लहानाची मोठी झाले, तिथं खाली मान घालून चालायची वेळ आली आणि मला भयंकर राग आला. नोकरी सोडून द्यावी असं वाटलं.

वाट रुकसाना मॅडमनीच काढली. मायभोवती उजेडाचं एक यंत्र फिरवून तिचा कण न् कण संगणकात घेतला, त्यावरून साचा बनवून आणला, आणि आपल्या महांतप्पा कुंभारानं नदीच्या मातीची दुसरी माय घडवून भट्टीत भाजली. तशीच गुडघे दुमडलेली, डोक्याच्या जागी तसंच कमळ. दोघींना शेजारी ठेवलं. मला वाटलं, आता दगड पडणार. सारजाबाईनं दोघींवरून हात फिरवला आणि म्हणाली, “दोगी भनी हायेत. थोरली आजारी हाय. तवर धाकटी घर सांभाळंल.” बायकांनी धाकटीची ओटी भरली. थोरली पेटीत गेली. तेव्हापासून बाहेर धाकटीच बसते, लोणी तीच खाते.

आता नीट श्वास घे. मार्गशीर्षात तू आलीस, तेव्हा तू जिच्यापुढं डोकं टेकलंस, जिच्या पोटावर लोणी लावून नवस बोललीस, ती धाकटी होती. शेजारी ‘प्रतिकृती’ अशी ठळक पाटी होती, पण तुझे डोळे मिटलेले होते. दोनदा दवाखान्यातून रिकाम्या ओटीनं परत आलेली तू, आणि इतक्या दिवसांनी तुझ्या चेहऱ्यावर जरा निवांतपणा दिसत होता. तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पुढं माघ सरला नाही तोच दिवस गेल्याचा तुझा फोन आला.

हे वाचून तू म्हणशील, मग नवस खोट्या मूर्तीला झाला, आता थोरलीपर्यंत जायलाच हवं. तुझं डोकं कसं चालतं ते मला पहिलीपासून माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, तू रडत आलीस तरी मी ती पेटी उघडणार नाही. अजून मीठ शांत झालेलं नाही. या हवेत उघडली तर दुसरा पाय जाईल. आणि तिचं तुझ्याकडं काही मागणंही नाही. तू शब्द दिलास तो धाकटीला. मला यातलं देवपण कळत नाही, मला ओलीचे आकडे कळतात. पण इतका हिशेब मलाही कळतो.

शिवप्रिया, मला फार भीती वाटते गं. बाळाची वाटते, पण त्याहून जास्त तुझी वाटते. मागच्या वेळी डॉक्टर बाहेर येऊन नुसतेच उभे राहिले होते, तेव्हा मी रणधीरचा हात धरला होता. तो हात मला पुन्हा तसा धरायचा नाही.

तर हे पत्र तुला आवरण्यापुरतंच नाही. थोरलीला उंबरठा ओलांडता येत नाही, पण धाकटीला येतो. कापूस भरलेल्या खोक्यातून आम्ही तिला शाळाशाळांत नेतो, गेल्या महिन्यात ती तामलवाडीची पोरं बघून आली. काल मी भीत भीत सारजाबाईला विचारलं. ती माझ्यावरच खेकसली, “दोन जिवाच्या पोरीला येता येत नसंल तर मायनं जावं. न्हाईतर माय कशाला म्हनायचं?” तीही सोबत येतेय, पाटावरची जिवतीची पूजा तुझ्या खोलीतच मांडणार म्हणते. मी वरिष्ठांची रीतसर परवानगी घेतलीय. जीपवाल्याला नाही म्हणून कळव. शुक्रवारी पहिल्या एसटीनं आम्ही तिघी निघतोय. धाकटी माझ्या मांडीवर असेल. तिला तुझ्या उशाशी ठेवीन, तू पडल्या पडल्या हात लाव. दार रणधीर उघडेल. तू उठायचं नाहीस.

वहिनी न म्हणणारी, पण तुझीच,
सृष्टी