टेबल चार ते टेबल पाच

३ मार्च, सोमवार
गळ्यात घड्याळ पडलं. खटका दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. शाळेत पळण्याच्या शर्यतीला मास्तरांकडे असायचं तसं.

नव्या साहेबांचा हुकूम : एक कंटेनर निवडायचा आणि बोटीवरून उतरल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याच्या कागदांमागे हिंडायचं. कुठे किती वेळ गेला ते लिहायचं. आपल्याकडे नऊ दिवस लागतात, पलीकडच्या बंदरात दोन. बोटी तिकडे वळू लागल्या आहेत. ‘बोटीच आल्या नाहीत तर आपण काय, लाटा मोजायच्या?’ – साहेब.

हे काम मलाच का? ‘तुमच्या नोंदीत खाडाखोड नसते, बाई.’ नसते खरी.

४ मार्च, मंगळवार
चिठ्ठी टाकून कंटेनर निवडला. बियाण्याचे बटाटे. त्याचा क्लिअरिंग एजंट म्हणजे अखंड चालू असलेला रेडिओ. ‘बाई, तुमचा शिक्का पडेपर्यंत आत बटाट्यांना नातवंडं होतील!’ हसले नाही. हसलं की ही माणसं खुर्ची ओढून बसतात.

बोट ते यार्ड : चाळीस मिनिटं. टेबल एक, दोन, तीन : मिळून सहा तास. त्यात चहा दोनदा.

५ मार्च, बुधवार
टेबल चार. मालाची किंमत आणि कर तिथे तपासतात. फाइल १०:२०ला गेली, १०:३२ला हातावेगळी. बारा मिनिटं! काम चोख आहे तिथे बसणारीचं. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

पुढचं टेबल पाच, म्हणजे मी. माल सोडायचा हुकूम माझा. दोन टेबलांत चार पावलांचं अंतर. पण नियमाप्रमाणे चारची फाइल शिपाई तळमजल्यावर नेतो, आवक-जावकमध्ये तिला नंबर पडतो, ट्रेमध्ये बसते आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या फेरीला वर येते. फाइल खाली जाताना एजंटाने पाहिली. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा!’ मी घड्याळ चालू ठेवलं.

६ मार्च, गुरुवार
फाइल आली, ११:४०. पंचवीस तास आठ मिनिटं. चार पावलांना.

आणि शंका-दुरुस्त्यांसाठी मागे-पुढे होत एकेक फाइल चारवरून पाचवर तीनदा येते. नवातले तीन दिवस इथेच गेले.

७ मार्च, शुक्रवार
साहेबांनी आकडा पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. ‘हा द्राविडी प्राणायाम कोणी लावला? मूळ टीप शोधा. ती जोडल्याशिवाय मुख्य कार्यालय नियम रद्द करणार नाही.’ घाई आहे. बटाटेवाल्यांची जहाज कंपनी पंधरा तारखेला ठरवणार, इथे राहायचं की पलीकडे जायचं. ती गेली तर यार्डातल्या हमालांच्या निम्म्या टोळ्या घरी बसतील.

‘शोधते,’ म्हटलं.

शोधायचं काय त्यात. टीप माझी.

लिहूनच टाकते. तेवीस वर्षांपूर्वी टेबल चारवर माझा भाऊ होता. आम्ही एकमेकांना फाइली न उठता द्यायचो. मी हात मागे करायचे, तो ठेवायचा. एका सकाळी तो घरी कोसळला. संध्याकाळी सहाला गेला. मी दिवसभर धक्क्यावर, बोटीच्या तपासणीला. मला कळलं सातला, फाटकावर, पहारेकऱ्याकडून.

वहिनी म्हणाली, ऑफिसात चिठ्ठी पाठवली होती. मला कसली चिठ्ठी मिळाली नव्हती. दिवसकार्याला, माणसांनी भरलेल्या घरात, मी तिला खोटारडी म्हटलं.

मग अनुकंपा तत्त्वावर तीच त्याच्या जागी आली. त्याच्याच खुर्चीत! पहिल्याच दिवशी तिने फाइल पुढे केली. मला तिच्या हातून ती घेववेना. दुसऱ्या दिवशी टीप लिहिली : ‘टेबल चारची फाइल आवक-जावक विभागात नोंद होऊनच टेबल पाचवर यावी.’ कारण : पारदर्शकता. तेव्हाच्या साहेबांनी कौतुक करून सही ठोकली. पुढच्या वर्षी नियमांच्या पुस्तकात गेली. नणंद-भावजयीचं भांडण, आणि सगळं बंदर त्याभोवती प्रदक्षिणा घालतंय.

तेव्हापासून ती मला ‘मॅडम’ म्हणते. मी तिला काहीच म्हणत नाही.

९ मार्च, रविवार
कपाट आवरलं. भाच्याच्या लग्नातला फोटो निघाला. मी एका टोकाला, ती दुसऱ्या.

१० मार्च, सोमवार
जुनी दप्तरं ओलीने गेली असं सांगितलं तर कोणीही विश्वास ठेवील. निम्मी गेलीच आहेत. अळीमिळी गुपचिळी. मग नियम राहील, बटाटे पलीकडच्या बंदरात उतरतील. माझ्या सहीकडे कोणी बोट दाखवणार नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त. ती तर या महिनाअखेरीलाच.

दुपारी यार्डात गेले. टोळीचा मुकादम सावलीत बसून होता. ‘काम काढा काहीतरी, बाई. बसून बसून कंबर दुखायला लागली.’

११ मार्च, मंगळवार
दप्तरखान्यात गेले. टीप मिळाली. माझं अक्षर, एकही खाडाखोड नाही.

तारीख ताडून पाहायला आवक रजिस्टर काढलं. हात आपोआप मागची पानं उलटत गेला. भाऊ गेला ती तारीख.

नोंद ४१२. सकाळी १०:५०. ‘टेबल पाच यांस. खाजगी. तातडीचे. शेजाऱ्याने आणून दिले.’ पोच घेतल्याच्या सहीचा रकाना कोरा. शेरा : ‘टेबलावर हजर नाहीत. उद्याच्या फेरीस द्यावे.’ उद्याच्या फेरीला मी स्मशानातून घरी येत होते. पुढे पंधरा दिवस रजा. कारकुनाने कागद ट्रेमधून काढून पानालाच टाचून ठेवला आणि विसरला. टाचणी गंजली आहे.

‘वन्सं, ह्यांना दवाखान्यात नेलंय. सारखं तुमचं नाव घेतायत. असाल तशा या.’

दप्तरखान्यातल्या स्टुलावर बसून रडले. तिने पाठवली होती. ज्या ट्रेमध्ये ती चिठ्ठी अडकली, त्याच ट्रेमध्ये तेवीस वर्षं मी तिची प्रत्येक फाइल पाठवत राहिले.

१२ मार्च, बुधवार
अहवाल दिला. टीप जोडली. शेवटची ओळ : ‘विलंबाचे कारण – निम्नस्वाक्षरीत यांची टीप.’ साहेबांनी विचारलं, ‘एवढी उठाठेव कशासाठी केली होती?’ म्हटलं, ‘घरगुती.’ त्यांनी अहवाल लगेच पुढे पाठवला. चारपर्यंत मुख्य कार्यालयाची मंजुरी आली. उद्यापासून फाइल हातोहात.

एजंट फाटकापाशी भेटला. ‘कोंब आलेत, बाई! बियाण्याचेच आहेत म्हणून बरं.’ या वेळी हसले.

चिठ्ठी पर्समध्ये आहे. वहिनीला काय सांगणार? तिला ते तेवीस वर्षं माहीतच आहे.

१३ मार्च, गुरुवार
बटाट्यांची फाइल, तिसरी फेरी. वहिनीने पुढे केली. मी उठले. टेबल चार ते टेबल पाच : अकरा सेकंद. त्यातले नऊ मी नुसतीच उभी होते.

ती म्हणाली, ‘जपून धरा, वन्सं. टाचणी आहे.’