माझ्या नावाची घरमालकीण

३ मार्च
एका साप्ताहिकातल्या पत्रकार मुलीचा फोन. विनोदी मालिकांत नटाचं आणि पात्राचं नाव पुष्कळदा एकच का असतं, यावर लेख लिहिते आहे. योग्य माणसाला विचारलं. आमच्या मालिकेत मी घरमालकीण, आणि घरमालकिणीचं नाव माझंच. तिच्या तिन्ही भाडेकरूंची नावंही त्या त्या नटांचीच. मी सांगितलं, नट मोठा असला की पात्राला त्याचं नाव घ्यावंच लागतं. मग भाडेकरूंचं काय, म्हणाली. म्हटलं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.
हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, तुझं नाव का ठेवलं ते तू कधी कुणाला विचारलंस का? त्यात विचारायचं काय?

५ मार्च, दुपार, सेटवर
लेखिकेच्या टेबलावर चष्मा शोधत होते. दुसऱ्याचे कागद मी वाचत नाही. पण शंभराव्या भागाचं पान अगदी वरच होतं आणि त्यावर माझं नाव. खाली लिहिलेलं: जिन्यावरून गडगडत खाली येते. हालचाल नाही. भाडेकरू स्तब्ध.
पान तिथे संपलं. खाली आणखी पानं होती. वाचली नाहीत. वाचण्यासारखं उरलं काय होतं?
छातीत धस्स झालं. चहा जास्त झाला आज.

६ मार्च
कॉलेजात माझा विषय तर्कशास्त्र होता. नाव ही नुसती खूण. खूण गेली म्हणून माणूस जात नाही. हे वाक्य तीनदा लिहून काढलं. चौथ्यांदा लिहिताना शेवटचं 'नाही' राहून गेलं, म्हणून थांबले.
आजपासून लिफ्ट वापरायची. आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टचे पैसे भरतो. प्रश्न तत्त्वाचा आहे.

७ मार्च
लिफ्ट बंद. जिना बसून उतरले. बत्तीस पायऱ्या. पहिल्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर बाहेर आला. ताई, काही पडलं का? कानातलं शोधते आहे, म्हटलं. तर तोही गुडघे टेकून शोधू लागला. त्याचे पेशंटही आले. चौघांनी मिळून अर्धा तास शोधलं. शेवटी डॉक्टर म्हणाला, सोन्याचं होतं का हो? चेहरा असा केला होता की मीच त्याची समजूत घातली.

९ मार्च
मेकअपवालीला पानाचं सांगितलं. ती वीस वर्षं नटांचे चेहरे रंगवते आहे, तिला जग कळतं. म्हणाली, बाई, मागे एका नटाला पडद्यावर मारलं होतं, तर दोन महिन्यांत बिचारा खरंच. मग माझ्याकडे पाहून घाईने म्हणाली, पण त्याच्या पात्राचं नाव वेगळं होतं हो!
हा दिलासा झाला? वेगळं नाव असून त्याची ही गत.
कपाळावर पावडर टिकेना. ताप नाही ना, म्हणाली. दिव्यांची उष्णता, दुसरं काय.

११ मार्च
निर्णय घेतला. भीती वगैरे अजिबात नाही. शंभराव्या भागाच्या आत पात्राचं नाव बदलून घ्यायचं. माणसाचं नाव ही खाजगी गोष्ट आहे. तीन वर्षं वापरू दिलं, आता पुरे. शांतपणे बोलायचं. कारणं द्यायची नाहीत. जिला जिन्यावरून पडायचं असेल तिने स्वतःच्या नावाने पडावं.

१२ मार्च
बोलले. शांतपणा दुसऱ्या वाक्यापर्यंत टिकला. दिग्दर्शक म्हणाले, ताई, अहो, रोज दिसणाऱ्या बाईचं नाव एकदम कसं बदलणार? लेखिका माझ्या मुलीच्या वयाची आहे, नखं खाते. म्हणाली, मावशी, नाव बदलायचं तर बाईच बदलावी लागेल. तुम्ही परगावी गेलात आणि तुमची जुळी बहीण घर सांभाळायला आली, असं करू. बहीणही तुम्हीच. पण मग शंभरावा भाग सगळा नव्याने लिहावा लागेल.
लिहा की, म्हटलं. जुळीला नवं नाव मीच निवडून दिलं. भारदस्त आहे.
घरी जिना चालत चढले. कठडा धरला होता, पण सैल.

१६ मार्च
जुळीचा पहिला दिवस. प्रसंग अगदी सोपा. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, उंच म्हणून आम्ही त्याला उंटोबा म्हणतो, मला नव्या नावाने हाक मारतो. मी वळून म्हणते, काय कटकट आहे?
त्याने हाक मारली. मी खिडकीकडे पाहत उभी. पुन्हा मारली. पुन्हा. मी म्हटलं, आवाज पोचत नाही तुझा. ध्वनिमुद्रण करणारा कानावरचे हेडफोन काढून म्हणाला, माझ्या कानठळ्या बसल्या! सातव्या खेपेला उंटोबा वैतागून नुसतंच अहो म्हणाला. तेव्हा मी वळले. मेकअपवालीही वळली.
यंत्रणा तपासायला सांगितली आहे.

१७ मार्च
लेखिका चहा घेऊन जवळ बसली. म्हणाली, मावशी, तीन वर्षांपूर्वीही हेच झालं होतं, आठवतं का? तेव्हा घरमालकिणीचं नाव वेगळंच होतं. तुम्ही हाकेला वळतच नव्हतात. शेवटी दिग्दर्शक म्हणाले, ठेवा त्यांचंच नाव, निदान बघतील तरी. मी विचारलं, आणि भाडेकरू? तिने एक नख खाल्लं. मग म्हणाली, त्यांनाही तुम्ही खऱ्याच नावांनी हाका मारत होतात. तिघांचीही मग तीच ठेवली.
म्हणजे या मालिकेतली नावं ठेवायची पद्धत मी घालून दिली. हेच तर पत्रकार मुलीला मी वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.
चहा तसाच ठेवला. साखर जास्त होती.

१८ मार्च
सराव. यांना सांगितलं, दिवसभर मला नव्या नावाने हाका मारा. हे बाहेरच्या खोलीतून मारत राहिले. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. शेवटी स्वतःच आत आले. म्हणाले, कोण ही बाई, केव्हाची बोलावतोय, येतच नाही.
मला एकही हाक आठवत नव्हती. यांना हसू येत होतं. मग माझा चेहरा पाहून ते हसायचे थांबले.
डॉक्टरांकडे जायचं म्हणतात. काही गरज नाही. सहासष्टाव्या वर्षी माणूस नवं नाव घेतो कुठे?

२१ मार्च
दिग्दर्शकांचा फोन. ताई, थोडी विश्रांती घ्या. फार गोड बोलले. तेव्हाच कळलं. आता बहीण जुळी नाही, नुसती धाकटी, आणि नटी दुसरी. मेकअपवाली म्हणते, पहिल्या हाकेला वळली हो! त्यात कसली कला?
लेखिकेला फोन करून विचारलंच, शंभराव्या भागात मला मारणार होतात ना? ती म्हणाली, मारणार? छे हो मावशी! पाय मोडणार होता नुसता. मग पाच भाग तुम्ही पलंगावर पडून तिघांना हुकूम सोडणार होतात. पाचही भाग नुसते तुमचेच. दुसऱ्या पानावरच होतं की सगळं.
पलंगावर पडून काम करणं माझ्या पाठीला झेपलं नसतं.

४ एप्रिल
लेखिकेचा फोन. प्रेक्षक विचारतात, थोरली बहीण परतली का नाही? तेव्हा ती वारली असं दाखवणार. नाव माझंच राहणार, बदलता येत नाही, लोकांच्या तोंडी बसलं आहे. भिंतीवर लावायला माझा एक फोटो हवा. कशाने वारली ते ठरलेलं नाही, तुम्ही सुचवा, म्हणाली. झोपेत, म्हटलं. लगेच म्हटलं. चांगलं आहे, लिहून घेते, म्हणाली.
हसरा फोटो हवा होता. घरात एकही निघाला नाही. यांनी मला भिंतीशी उभं केलं. म्हणाले, हस. हसले. म्हणाले, हलू नकोस, सगळे फोटो पुसट येतायत. मी म्हटलं, मी हलत नाही, तुमचा मोबाईल जुना झालाय. मग ते जवळ आले, एका हाताने माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला.
तो पाठवला. चेहरा स्पष्ट आला आहे. यांचा हात तेवढा कापायला सांगितला.