विहिरीवरचा मनाई हुकूम

संगमनेर,
१२ मार्च २०२५

चि. कानिफनाथ यास,

सविताअक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, श्रीरामपुरात तुम्हीही बरे असाल. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. सोबतच्या जाड कागदांनी दचकू नकोस. एकतर्फी हुकूम मिळाला की दाव्याची नक्कल समोरच्याला रजिस्टरने लगेच पाठवावी लागते. त्याच पाकिटात हे सरकवते आहे.

हो, मिळाला! विहीर बुजवायला तात्पुरती मनाई, आणि तीही तुझ्याविरुद्ध! काल सकाळी तुझा जेसीबी बांधावर उभा आणि मी कोर्टात घामाघूम. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आधी नोटीस का नको?" आमच्या निकिता वकीलबाई म्हणाल्या, "नोटीस पोचेपर्यंत विहीरच उरणार नाही." विहीर दोघांची सामाईक, सातबाऱ्यावर दिसतेच. थांबल्याने विहिरीच्या जागी बांधायचं तुझं घर फार तर महिनाभर लांबेल, पण पाण्यावाचून माझी डाळिंबं जळाली तर ते नुकसान कशानेच भरून येणार नाही. एवढं पाहून बाईंनी सही केली. मी तिथेच टाळी वाजवली, शिपाई केवढा ओरडला!

नक्कल घेऊन मोटरसायकलवर थेट शेतात. जेसीबीवाला आसिफ म्हणाला, "ताई, लेखी हाय ना? मग मी कशाला हात लावतोय! पानी बी लई गोड हाय." मी हसतच सुटले.

रात्री जेवण मात्र गेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बोअरला पाणी होतं, तेव्हा मीच तुला स्टॅम्पवर लिहून दिलं होतं, की विहीर बुजवायला हरकत नाही. बोअर आटला. फोनवर तू त्या कागदाची आठवण करून दिलीस, तर मी "कसला कागद?" म्हणाले. त्यावरूनच तू ब्लॉक केलंस. कानिफ, खोटी मी आहे. अर्जातही मी ते लिहिलं नाही, वकीलबाईंपासूनही लपवलं. मनाई मागणाऱ्याने काही दडवलेलं निघालं तर हुकूम उठतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. तू कागद शोधत बसू नकोस. मीच कोर्टात सांगणार आहे. हुकूम उठला तर विहीर तुझ्या हातात. फक्त आसिफला परत बोलावण्याआधी एकदा बागेत येऊन जा. फळं सुपारीएवढी झाली आहेत.

अर्जदार, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तुझी,
सविताअक्का