दोंगूदादाच्या बोटीचा माग

बुसान

आई,

तुला वाकून नमस्कार. मी बरी आहे, खोली उबदार आहे. किमची मात्र इतक्यात पाठवू नकोस, आधीचीच बरणीत तशीच आहे.

दोंगूदादाची बोट वादळात सापडल्यापासून तू फोनवर एकच विचारतेस, ‘तुमच्या विद्यापीठातली यंत्रं काही सांगतात का गं?’ तटरक्षकांनी शोध थांबवला, तेव्हा मी बांगसरांना गळ घातली. आमच्या विभागात एकमेकांना जोडलेले थोडे संगणक आहेत, त्यांच्यावर समुद्राच्या प्रवाहांचं गणित चालतं. सरांनी बाकीच्यांची कामं बाजूला सारली. म्हणाले, "आधी तुझा भाऊ."

त्या दिवसाचा वारा, लाटा, प्रवाह, सगळं मी त्यात घातलं. बोट वाहत कुठे गेली असेल याच्या शेकडो वाटा संगणकांनी काढल्या. आई, त्यातली एकही किनाऱ्याला लागत नाही. सगळ्या पूर्वेच्या खोल पाण्यात जातात.

मी वारा थोडा वळवला आणि गणित पुन्हा चालवलं. मग आणखी वळवला. शेवटी सर शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "मिरान, आता तू वारा खोटा लिहायला लागलीस."

मग मी हात मागे घेतला.

तुझे गुडघे कसे आहेत? धक्क्यावर थंडीत उभी राहू नकोस गं. वहिनी अजून दादाच्या भाताची वाटी, तो येईपर्यंत गरम राहावी म्हणून, पांघरुणात गुंडाळून ठेवते का? ठेवू दे. शनिवारी मी येते. तिला मीच सांगेन. तू फक्त तिच्या जवळ बस.

तुझीच,
मिरान