शेवाळाचं कोणी विचारत नाही म्हणे

आरहूस, मंगळवार

प्रिय गुडरुन,

गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस. आपला एस्बेन इथे त्याच्या घरी राय धान्याचा पाव आणि हेरिंग मासे वेळेवर खाऊ घालतो.

गवती छपरं शाकारायच्या आपल्या धंद्याला इंटरनेटवर गिऱ्हाईक सापडावं, म्हणून तिथे लोक काय शोधतात ते मोजणारा एक प्रोग्राम तो निवडतो आहे. तीन चालवून पाहिले, तिन्ही बढाईखोर. ‘गवती छप्पर’ महिन्याला किती लोक शोधतात? एक म्हणतो नव्वद, दुसरा चारशे, तिसरा हजार. असल्या गड्यांना मी शिडीलासुद्धा हात लावू दिला नसता.

मी विचारलं, “आणि छपरावरचं शेवाळ?”

“शून्य, बाबा. तिन्ही सांगतात, कोणीच शोधत नाही.”

“अरे शहाण्या, चाळीस वर्षं तुझी आई फोनवर गिऱ्हाइकांकडून दुसरं ऐकते काय?”

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “आई गिऱ्हाइकांचं बोलणं टिपते, ती फोनजवळची वही मागवा. लोक नेमकं कोणत्या शब्दांत विचारतात, ते मोजतो.”

एवढी आकडेमोड शिकला, आणि शेवटी तुझी वहीच!

ती लगेच पाठव. या वसंतात फोन वाजतो ना गं? या वसंताची पानं कोरी असली, तरी माझ्यापासून लपवायला फाडू नकोस.

तुझ्या हातच्या कॉफीवाचून अडलेला,
येप्पे