आठ मिनिटं आधीची तोफ

१२ मार्च, संध्याकाळ

चि. बारक्यास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण बाबांपेक्षा कमी.

आधी माझा पराक्रम ऐक. तू गेल्यावर तुझ्या वाट्याची तोफ माझ्याकडे आली, हे तुला ठाऊक आहेच. आज किल्ल्यावरची ती बाराची तोफ मी आठ मिनिटं आधी उडवली. सगळ्या बंदरानं घड्याळं पुढे केली, गोदीतले लोक डबे उघडून बसले, शाळेनं मधली सुट्टी दिली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं पाव कच्चेच बाहेर काढले. आपल्या घराण्याच्या चार पिढ्यांत एका सेकंदाची चूक नाही, आणि मी असे दिवे लावले. बंदराच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. 'घड्याळ पुढे होतं' असं ठोकून दिलं.

घड्याळ बरोबर होतं रे. तुझं जहाज दोन दिवस धक्क्याला होतं, हे आम्हाला माहीत होतं. बाबा सात वर्षं रोज पेपरातली जहाजांची यादी वाचतात. विचारलं तर म्हणतात, चष्म्याचा नंबर तपासतोय. दोन्ही दिवस त्यांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराकडे पाठ करून बसले. तू आला नाहीस. मला फार राग आला तुझा. पण 'तोफ सोडून जहाजावर जाणाऱ्यानं या दारात पाऊल ठेवू नये' हे कोण म्हणालं होतं, तेही मी ऐकलंय.

आज ते काठी टेकत बुरुजावर आले. बारूद कोरडी आहे का ते बघायला, म्हणे. तेवढ्यात तुझं जहाज निघालं. बारापर्यंत ते दीपस्तंभाच्या पलीकडे, तोफ ऐकू न येण्याइतकं लांब गेलं असतं.

बाबांनी दुर्बीण खाली घेतली. "डाग तोफ."

"बाबा, अजून आठ मिनिटं आहेत."

"मला घड्याळ शिकवू नकोस. पोरगं चाललंय. डाग म्हणतो ना."

डागली. आणि तुझ्या जहाजाचा भोंगा तीनदा वाजला. तूच वाजवलास, की कप्तानाला गळ घातलीस? बाबांना हल्ली दाराची घंटा ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. "उत्तर दिलं त्यानं," म्हणाले, आणि काठी बुरुजावरच विसरून खाली उतरले. मला इतका आनंद झाला की साहेब ओरडत होते तेव्हाही मी हसत होते.

यातलं काहीही तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. पाकिटावरचा पत्ता मात्र त्यांनीच घातलाय, अक्षर ओळखशील. मागच्या बाजूला घराचाही लिहिलाय, तू विसरला असशील म्हणून.

वाट पाहणाऱ्या दोघांतली बोलणारी,
ताई